दहा कामी, एक निकामी

मरून पडलेल्या माणसाकडे पाहून 'रचना साधली आहे' असे म्हणण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर ती आली, कचेरीच्या वेळेत आली, आणि तसे तीन प्रतींत लिहून देण्याचीही आली.

आमच्या नगरसभेच्या सभागृहात एका जुन्या लढाईचे वीस फूट रुंद तैलचित्र होते. 'होते' हे क्रियापद मी विचारपूर्वक योजतो आहे. आज तेथे जे आहे ते चौदा फुटांचे आहे. उपसचिवांना स्वतंत्र खोली हवी होती, म्हणून सभागृहाच्या एका अंगाला प्लायवूडचा आडोसा उभा राहणार होता आणि चित्राच्या वाट्याला भिंत उरणार होती पंधरा फूट. थोडक्यात, इतिहास पाच-सहा फूट जास्त होत होता.

सचिवांनी मला बोलावले. मी जावक विभागात सहा वर्षे हंगामी. पदव्युत्तर प्रबंध आधुनिक कवितेतील शून्यतेवर लिहिलेला. पुढे शून्यता मुबलक मिळाली, नोकरी मात्र उशिरा.

"तुम्ही ते कविता वगैरे वाचता ना?" सचिवांनी विचारले.

"वाचतो," मी म्हणालो. जुनाट खोकल्याची कबुली द्यावी तशा स्वरात.

"मग हे तुमचंच काम. चित्रात दृश्य घटक कोणकोणते आहेत, कोणते ठेवायचे, कोणते काढायचे, याचं आठ दिवसांत विश्लेषण द्या. आणि आपले कोणते अन् त्यांचे कोणते, ते आधी बघून घ्या. नाहीतर आपलेच कापले जायचे."

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. चाळीस वर्षांच्या धुळीने आणि सभासदांच्या सिगारेटींनी दोन्ही सैन्यांचे अंगरखे एकाच तपकिरी रंगाचे करून टाकले होते. काळ हा थोर समेट घडवणारा आहे; फक्त तो दोन्ही बाजू मळवून समेट घडवतो.

विश्लेषणासाठी कागद मागायला मी भांडारपालांकडे गेलो. नगरसभेच्या मालकीच्या प्रत्येक जड वस्तूवर त्यांची सत्ता चालते, आणि चित्र चौकटीसकट जड होते.

"विश्लेषणाचा नमुना आपल्याकडे नाही," ते म्हणाले. "वस्तू-तपासणीचा आहे. तोच भरा."

"पण हे चित्र आहे."

"खुर्ची काय अन् लढाई काय, तपासणी ती तपासणी. वस्तू, नग, स्थिती. शेवटचा रकाना मोकळा सोडा, तो माझा. त्यात मी कामी का निकामी ते लिहितो. अन् एक सांगून ठेवतो हं, निकामी ठरलं की आम्ही ते सांभाळत बसत नाही. जागाच नाही. शनिवारी मागल्या अंगणात जाळून मोकळे."

निकामी हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. 'कामी' हा त्याचा विरुद्धार्थी शब्द मात्र भांडारपालांनी स्वतः घडवला होता, 'नि' खरवडून. बारा वर्षे तो त्यांच्या नोंदवहीत बिनबोभाट नांदत होता. अशा माणसाला भाषेतले कळत नाही असे मी मनाशी म्हणालो आणि त्या समाधानात नमुना घडी घालून खिशात टाकला.

घरी आल्यावर ही वार्ता मी चहाच्या वेळी, काहीशा बेफिकिरीने सांगितली. पत्नीने कप खाली ठेवला.

"अहो, तुम्ही बाबांचा घोडा कापायला निघालात?"

इथे थोडे सांगणे भाग आहे. माझे दिवंगत सासरे सुतार होते. चित्राची लाकडी चौकट त्यांनी ठोकली, आणि चित्रकाराने पुढे नमुना म्हणून त्यांनाच समोर बसवून घेतले. उजव्या टोकाला उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर, हात उंचावून आज्ञा देणारा जो सेनापती आहे तो म्हणजे आपले वडील, हे ऐकत माझी पत्नी लहानाची मोठी झाली. शाळेत असताना तिने या घोड्याच्या बळावर दोन भांडणे जिंकली होती. आता ती स्वतः शाळेत शिकवते आणि तिचा आवाज अजूनही त्याच उंचीवरून येतो. सासऱ्यांचा दुसरा फोटो नाही. एक होता, पुढे ते ज्या कारखान्यात लागले त्याच्या ओळखपत्रावर. ते वारले तेव्हा कारखान्याने ओळखपत्र जमा करून घेतले आणि पोच दिली. पोच घरात आहे.

आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या सासूबाई तेव्हा खिडकीशी बसून भाजी निवडत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला ते माझ्यावरच्या विश्वासाचे लक्षण वाटले.

"घोड्याला हात लागणार नाही," मी जाहीर केले.

शेजारच्या मोजणीदारांनी हे भिंतीपलीकडून ऐकले असावे, कारण पाचव्या मिनिटाला ते दारात उभे होते. नोकरीत असताना त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर ते लोकांच्या अडचणी मोजतात.

"चित्र कापायचं नसतं," ते बसता बसता म्हणाले. "दुमडायचं. जास्तीचा कपडा चौकटीमागे वळवायचा अन् चार खिळे मारायचे. उद्या खोली पाडली की लढाई पुन्हा उलगडायची."

हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण त्यांनी यापूर्वी माझा रेडिओ, माझी पाठ आणि माझ्या पत्नीची बदली या तिन्ही बाबतींत सल्ले दिले होते, आणि तिन्ही आज आहेत तिथेच आहेत. नेहमी चुकणारा माणूस एकदा बरोबर निघाला तर ते त्याच्या दृष्टीनेही गैरसोयीचेच असते. मी मान हलवून विषय बदलला.

"त्यातले आपले कोणते असतील?" मी विचारले.

"मेलेले आपले," ते तत्काळ म्हणाले. "जिंकलो असतो तर वीस फूट कापड कशाला लागलं असतं? जिंकणाऱ्याला पुतळा पुरतो. हरणाऱ्याला रंग लागतो."

हे वाक्य मला सुचायला हवे होते, आणि ते पायजम्यावर आलेल्या माणसाला सुचले. ती रात्र मला बरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या सभागृहात वीजखात्याची शिडी लावून मी वर चढलो. एका हातात कापसाचा ओला बोळा, दुसऱ्यात वही. ज्याने मृत्यूविषयी इतके वाचले आहे त्याने मृत्यूच्या इतक्या जवळ शिडीवरून जावे, यात मला एक गंभीर औचित्य जाणवत होते. शिडी मात्र डुगडुगत होती.

पहिल्या तासात मी खरोखरच चांगले विश्लेषण केले. हे मी सांगितले नाही तर दुसरे कोणी सांगणार नाही. डाव्या सहा फुटांत जवळजवळ केवळ धूर आहे, आणि धुरातून बाहेर आलेले गाडीचे एक तुटलेले चाक. तेथून भाल्यांची तिरपी रांग नजरेला उजवीकडे, चढावर नेते. तांबडा रंग साऱ्या चित्रात तीनच ठिकाणी आहे, आणि त्यातले एकही ठिकाण रक्ताचे नाही. रक्त काळे रंगवलेले आहे. कोणीतरी खरे रक्त वाळताना पाहिले असले पाहिजे. आणि सावल्या! काही देहांच्या सावल्या उजवीकडे पडतात, काहींच्या डावीकडे. चित्रकाराने काही माणसे सकाळी रंगवली, काही संध्याकाळी. म्हणजे या लढाईवर दोन सूर्य होते आणि तरीही कोणाला काही दिसले नाही. हे मी वहीत लिहिले, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग शिडी उजवीकडे सरकवून मी सेनापतीचा चेहरा पुसला.

धुळीखालून भरघोस मिशा आल्या. दुहेरी हनुवटी आली. त्या चेहऱ्याची दुसरी प्रत समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत टांगलेली होती: चित्र काढवून घेतले तेव्हाचे नगराध्यक्ष. घोड्यावर सुतार नव्हता. ज्याच्या हुकमाने चित्र निघाले तोच चढून बसला होता.

हे घरी कसे सांगावे या विचारात मी उतरून खालचा भाग पुसू लागलो. पहिल्या मेलेल्या सैनिकाचा चेहरा स्वच्छ झाला. वरच्या ओठाचा डावा कोपरा किंचित खाली ओढलेला, हनुवटीवर एका बाजूला सरकलेली खळी. कुठेतरी पाहिलेला चेहरा. दुसरा पुसला: तोच कोपरा, तीच खळी. तिसरा पालथा होता, पण जेवढा गाल दिसत होता तेवढा त्याचाच. लग्नाच्या चौदा वर्षांत ओठाचा तो रुसलेला कोपरा मी रोज न्याहरीच्या वेळी पाहत आलो आहे. माझ्या पत्नीचा रुसवा लढाईभर मरून पडला होता. मी मोजत गेलो. मधल्या उतारावर दहा. आणि अगदी उजवीकडे, घोड्याच्या मागच्या पायाशी, गालाखाली हात घेतलेला अकरावा. तो नीट पाहावा म्हणून मी पुन्हा शिडीवर चढून मागे झुकलो, आणि बाराव्याची जागा मी घेतली.

घोटा मुरगळला. सभागृहाच्या रखवालदाराने मला उचलून बाकावर ठेवले आणि विचारले, "साहेब, चित्रातलं काय पडलं?"

डॉक्टरांनी चार दिवस पाय उशीवर ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पत्नी शाळेत गेल्यावर सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी ती घोट्यावर ठेवली, वर पंचा गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "जावईबापू, हे दिसले का?"

मी मान डोलावली.

"कितीदा दिसले?"

"अकरा वेळा," मी म्हणालो.

"अकराच? मला बारा वाटलं होतं." त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. "तिन्हीसांजेला यायचे, अंगाला सगळा तेलाचा वास. म्हणायचे, आज तीनदा मेलो, वाढ लवकर. चित्रकार म्हणायचा, बाकीची माणसं मेल्यावर हलतात, हा सुतार हलत नाही. म्हणून सगळी मढी ह्यांच्यावरच आली."

नवऱ्याचे नाव न घेता 'हे' म्हणण्याची सासूबाईंच्या पिढीची रीत. आपल्या व्याकरणात नवरा मुळातच बहुवचनी असतो; पण त्या बहुवचनाचा इतका शब्दशः उपयोग केलेला मी प्रथमच पाहत होतो. 'हे' अकरा जागी पडले होते.

"मग तो घोडा, आई?"

"घोडा माझा. चार वर्षांची पोर कडेवर घेऊन बघायला गेले. म्हणाली, ह्यात बाबा कुठेत? बाप बाहेर दारात उभा, चपला सांभाळत. जिता बाप दारात ठेवून पोरीला काय दाखवू, हा बघ तुझा बाप मेलाय? म्हटलं, तो घोड्यावरचा. पुढं सांगू म्हटलं. पुढं ते गेलेच. मग आणखी काय सांगायचं?"

पाण्याची पिशवी निवत चालली होती. त्यांनी ती उलटी केली.

"घोड्याच्या पायाशी एक आहे. कुशीवर. हात गालाखाली."

"आहे. त्याची सावली कुठल्याच बाजूला पडत नाही. खालीच आहे, अंगाखाली."

"भर दुपार होती. डबा खाऊन आडवे झाले अन् डोळा लागला. चित्रकारानं उठवलं नाही, तसेच काढले. ते मेलेले नाहीत, जावईबापू. झोपलेले आहेत. बाकीचे दहा असोत नसोत, मेलेला माणूस सगळ्यांसारखाच दिसतो. झोपलेला आपल्यासारखा दिसतो." मग पहिल्यांदाच त्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मी मागं कधी काही मागितलं नाही तुमच्याकडं. तेवढा एक राहू दे."

मी शब्द दिला. माझ्यासारख्याकडे देण्याजोगे तेवढेच असते.

दोन दिवस मी उशीवर पाय ठेवून अहवाल लिहिला. चौदा पाने. डावीकडचे सहा फूट, म्हणजे धूर आणि चाक, काढावे; भाल्यांची रांग, उतारावरचे देह आणि उजवे टोक अखंड राखावे; कारण झोप आणि मरण एकाच जमिनीवर, एकाच चेहऱ्याने शेजारी ठेवण्याचे जे धैर्य या अनामिक चित्रकाराने दाखवले, ते या चित्राचे हृदय आहे. असे मी लिहिले. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. कोणी वाचलाच नाही, तेव्हा मागे घेण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

मग उरला भांडारपालांचा नमुना. तो सासूबाईंनी मला मोठ्याने वाचत लिहायला लावला.

"मृत सैनिक, नग दहा," मी वाचले.

भाजी निवडणारा हात थांबला. "नग? खिळे आहेत का ते?"

"तो रकाना छापीलच आहे, आई."

"असू दे छापील. पण मृत नको. कसंतरी वाटतं."

"गतप्राण?"

"ते काय असतं?"

"धारातीर्थी पडले?"

"कुठली आली धार? पाठ दुखायची त्यांची, फरशीवर पडून."

"ठार?"

"ठार तर पिसाळलेलं कुत्रंसुद्धा करतात."

"खर्ची पडले?"

"बाजाराला निघालेत का?"

मी लेखणी खाली ठेवली. माझ्या सगळ्या शिक्षणाला मरणासाठी एक शब्द सापडू नये याची मला लाज वाटली. मग जुन्या बखरींतला एक आठवला. लढाईत पडलेल्यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेला, साधा आणि घरंदाज.

"कामी आले," मी म्हणालो.

सासूबाईंनी तो मनाशी दोनदा म्हणून पाहिला. "हे बरं आहे. माझी सासू म्हणायची, तुझा नवरा कुणाच्या कामी येणार नाही. असू दे. लिहा. कामी आले."

मी लिहिले. 'सैनिक, नग दहा, कामी आले आहेत.' मग खाली, 'सैनिक, नग एक,' आणि सवयीने 'कामी' असे लिहू लागलो तोच त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवले.

"तो नाही आला. तो झोपलाय. जसं आहे तसं लिहा, खोटं नको."

अचूकतेचा मी भोक्ता. आणि त्या क्षणी मला सत्य आणि माया एकाच वाक्यात बसल्याचा दुर्मीळ आनंद झाला. मी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'कामी आलेला नाही. झोपलेला आहे.'

अहवाल घेऊन मोजणीदार स्वतः नगरसभेत गेले. परत आल्यावर म्हणाले, "दिला. पण मी पुन्हा सांगतो, दुमडा." मी त्यांचे आभार मानले. तो गुरुवार होता.

सोमवारी मी काठी टेकत सभागृहात शिरलो. प्लायवूडचा आडोसा उभा होता. त्यामागे उपसचिव फोनवर हसत होते. भिंतीवर चौदा फूट चित्र होते. डावीकडे धूर अखंड होता. चाक होते. भाले होते. दहा देह होते. भाल्यांची ती तिरपी रांग उजवीकडे चढत जाऊन ताज्या, पांढऱ्या लाकडी पट्टीवर आपटत होती. पट्टीपलीकडे भिंत.

भांडारपाल मला पाहून खुलले. "या! तुमच्यामुळं काम सोपं झालं बघा. एवढं स्वच्छ कुणी लिहून देत नाही."

"उजवी बाजू कुठे आहे?"

"तुम्हीच तर लिहिलंत." त्यांनी नोंदवही उघडली आणि ओळीवर बोट फिरवत वाचू लागले. "धूर, नग एक, अजून उठत आहे. म्हणजे चालू स्थितीत. कामी. चाक, तुटलेले. ते दुरुस्त होतं. कामी. सैनिक, नग दहा. हे तर तुम्हीच लिहिलं, कामी आले आहेत. मी नुसती बरोबरची खूण केली. पुढं, घोडा, नग एक, उधळलेला. आता उधळलेला घोडा कुणाच्या कामाचा? निकामी. सेनापती, नग एक, हात उंचावून आज्ञा देत आहे. नुसत्या आज्ञा! निकामी. अन् हा शेवटचा." ते हसले. "कामी आलेला नाही, झोपलेला आहे. तुम्ही सुद्धा काय सोडता का कुणाला! तिघंही उजव्या टोकालाच होते. सरळ कापता आलं."

शब्दांवर हयात घालवलेल्या माणसाला त्या वेळी एकही शब्द सुचला नाही, ही गोष्ट मी माझ्या बाजूने नोंदवू इच्छितो.

"लढाईत कामी येणं म्हणजे मरणं," मी शेवटी म्हणालो. "ते दहा मेलेले आहेत. तो एक जिवंत होता."

भांडारपालांनी माझ्याकडे, मग नोंदवहीकडे पाहिले. "मग तसं लिहायचं ना," ते खरोखर दुखावून म्हणाले. "बारा वर्षांत माझ्या वहीत चूक नाही."

"आणि माझी चौदा पानं?"

"त्याला नमुन्यात रकाना नाही."

"तो तुकडा आता कुठे आहे?"

त्यांनी मागल्या अंगणाकडे मान केली. मी काठी टेकत गेलो. तैलरंग चांगला जळतो. राखेत घोड्याच्या पांढऱ्या रंगाचे दोन-चार पापुद्रे तेवढे उरले होते. शिसे असते त्यात, ते सहजी जात नाही. गालाखाली हात घेतलेल्या माणसात पांढरे काही नव्हते.

आत आलो तो भांडारपालांनी एक कागद पुढे सरकवला. 'खालील निकामी वस्तू माझ्या समक्ष नष्ट करण्यात आली.' खाली एक सही झालेली, दुसरी जागा मोकळी.

"मी इथे नव्हतो," मी म्हणालो. "पाय उशीवर होता."

"तुम्ही नव्हता, पण तपासणी तुमची आहे ना? दुसऱ्या कुणाची सही चालत नाही."

एवढ्यात सचिव आडोशामागून बाहेर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत प्रथमच.

"तुमचा अहवाल फार कामी आला हं," ते म्हणाले. "तुम्हाला कायम करण्याचा कागद या आठवड्यातच काढतो. अन् आपले कोणते, त्यांचे कोणते, काही कळलं का?"

"जे उरलेत ते आपले," मी म्हणालो.

"वा," सचिव म्हणाले, आणि निघून गेले.

मी सही केली. कोणाला वाटेल की मी कागद फाडला असेल, टेबल उलथले असेल. मी सही केली, तारीख घातली, आणि अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले.

घरी सांगायला मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली नाही. पत्नी नुकतीच शाळेतून आली होती, वह्यांचा गठ्ठा पुढ्यात होता. सासूबाई खिडकीशी. मी उभ्या उभ्या, घोड्यापासून राखेपर्यंत, सगळे सांगितले. मधूनच सासूबाई म्हणाल्या, "घोड्याचं मी सांगते," आणि तेवढा भाग त्यांनी सांगितला.

पत्नीने गठ्ठ्यातली वरची वही सरळ केली.

"म्हणजे बाबा घोड्यावर नव्हतेच कधी," ती म्हणाली.

"नव्हते."

"आणि आता घोडाही नाही."

"नाही."

तिने लाल पेन उघडले आणि वह्या तपासायला घेतल्या. मी बघत होतो: चुकलेल्या गणितांवर ती एकामागून एक बरोबरच्या खुणा करत चालली होती. ओठाचा डावा कोपरा खाली ओढला गेला होता. मी त्या कोपऱ्याकडे पाहिले आणि मग मला तिकडे पाहवेना.

"तू मला सांगायचं होतंस, आई," ती वर न बघता म्हणाली.

"तुला घोडा आवडला होता," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्यापुढे खाली बसलो. दुखऱ्या घोट्यामुळे ते बसणे कोसळण्यासारखेच झाले. "आई, मी शब्द दिला होता. आणि शब्दानंच..." पुढचे वाक्य मी चांगले जुळवून आणले होते. त्यात शब्द आणि तलवार यांची तुलना होती.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "लिहा तर मीच म्हटलं होतं. उद्या मला तिथं घेऊन चला."

"आता तिथे काय राहिलंय?"

"दहा आहेत ना. बघू तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा नव्हती. आम्ही तिघे गेलो. पत्नीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आडोशामागे उपसचिवांची खुर्ची करकरत होती. सासूबाईंनी चष्मा पुसला, चित्राच्या डाव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, आणि धुरापासून सुरुवात करून एकेका देहापुढे थांबत, कमरेत वाकून, उजवीकडे येऊ लागल्या. बाजारात फळ निवडावे तशी सावध, अविश्वासी नजर. पहिल्यापुढे त्या मान हलवून पुढे गेल्या. तिसरा पालथा, त्याच्यापुढे जरा थांबल्या, म्हणाल्या, "ह्याला पाठ दुखत असणार." पाचव्याचे डोळे उघडे होते. सातव्याचे तोंड. पत्नी त्यांच्या मागे एकेक पाऊल टाकत होती, आणि प्रत्येक चेहऱ्यापुढे तिचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीकडे जात होता.

नवव्यापुढे सासूबाई थांबल्या. तो उतारावर उताणा पडला होता. पापण्या मिटलेल्या. छातीवर काळे रक्त, पण बाजूला भाल्याची सावली पडल्यामुळे ते नीटसे दिसत नव्हते. त्यांनी डोके एका बाजूला केले, मग दुसऱ्या. हात वर नेला आणि रक्ताचा डाग तळव्याने झाकून पाहिला.

"हा," त्या म्हणाल्या. "ह्याला झोपलाय म्हणू या."

पत्नीने मान हलवली. मीही हलवली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आणून, आडोशापलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "पण जावईबापू, हे कुठं लिहून ठेवू नका."